रिकाम्या कुंडीची बाजू

‘यंदा काही नवीन आलंय का हो?’ रोपवाटिकेच्या फाटकातून आत शिरणारा प्रत्येक हौशी माणूस हा प्रश्न विचारतोच. साड्यांच्या दुकानात विचारावा तसा हा प्रश्न आता झाडांच्या बाबतीतही विचारला जातो. मालकही तयारीचा असतो. तो आपल्याला हिरव्या जाळीच्या मांडवाखाली नेतो आणि एकेक कुंडी पुढे सरकवतो. ही भोकाभोकांच्या पानांची मॉन्स्टेरा, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. हे चकचकीत पानांचे झेडझेड, पूर्व आफ्रिकेतले. हा अरेका पाम, मादागास्करचा. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी कुंड्या आल्या आणि तेव्हापासून ही हौस वाढतीच आहे. आपण किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि ‘नवीन’ झाड घेऊन घरी येतो. नवीन म्हणजे काय, तर गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या गॅलरीत जे नव्हते ते!

या लेखात मलाही नव्या आणि वेगळ्या झाडांचीच शिफारस करावयाची आहे. परंतु ‘नवे’ कशाला म्हणावे याविषयी माझे मत थोडे निराळे आहे. ते आधी मांडतो आणि मग झाडांकडे वळतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशी झाड चांगले आणि परदेशी झाड वाईट, असा काही माझा दावा नाही. तसे म्हणू लागलो तर दसऱ्याचे तोरणच उतरवून ठेवावे लागेल. कारण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारातला वाकडातिकडा खुरचाफा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आला. गुलमोहर मादागास्करचा आणि बोगनवेल ब्राझीलकडची. ही मंडळी आली, राहिली, आपली झाली. त्यांना परके म्हणण्याचा करंटेपणा कोण करील? माणसांप्रमाणे झाडांनाही स्थलांतराचा हक्क आहे.

तथापि सगळेच पाहुणे झेंडूसारखे सालस नसतात. आज डोंगरउतारांवर माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणूनच इंग्रजांनी या देशात आणली. नद्या-तळी गिळून बसलेली जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानेच दक्षिण अमेरिकेतून इकडे आली. पिवळा कॉसमॉस अजूनही कित्येकांना निरुपद्रवी वाटतो. पण पुणे-सातारा भागात रस्त्याच्या कडा आणि टेकड्या तो कसा व्यापीत चालला आहे हे एस.टी.च्या खिडकीतूनही दिसते. ज्या माळावर तो पसरतो तेथली तेरड्या-सोनकीची जागा जाते. तेव्हा ‘नवीन’ झाड आणताना ते आपल्या कुंडीत राहणार की कुंपण ओलांडणार, एवढा विचार करणे हे सुजाण बागप्रेमी माणसाचे कर्तव्य आहे.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. झाड निवडताना आपण मनाशी जी कसोटी लावतो, तिच्याविषयी ती आहे. रोपवाटिकेतला मालक झाडाची स्तुती करताना पहिले वाक्य कोणते उच्चारतो? ‘बारा महिने असंच राहतं, साहेब!’ बारा महिने हिरवे, बारा महिने फुलांनी डवरलेले, पान न गाळणारे, कचरा न करणारे, ही आपली आदर्श झाडाची कल्पना. या वृत्तीला मी सदाफुली वृत्ती म्हणतो. सदाफुलीची यात निंदा नाही. मादागास्करच्या या साध्या झाडाने रक्ताच्या कर्करोगावर उपयुक्त अशी औषधे जगाला दिली आहेत. तिच्यापुढे हातच जोडावेत. परंतु बागेतली सगळीच झाडे सदाफुली झाली तर काय होईल? चैत्र आणि भाद्रपद, पौष आणि आषाढ यांतला फरकच बागेत उरणार नाही. आज आपल्या पुष्कळ बागांचे नेमके हेच झाले आहे. क्रोटन, ड्रॅसिना आणि पाम यांच्या रांगा जानेवारीत जशा दिसतात तशाच ऑगस्टमध्ये दिसतात. पाऊस येतो आणि जातो, त्यांना त्याचे सोयरसुतक नसते.

माझे म्हणणे असे की, आपल्या बागेत आज खरोखर नवे वाटेल असे झाड कोणते, तर जे येते आणि जाते ते. काही महिने जमिनीखाली निजून राहणारे, आपल्याला वाट पाहावयास लावणारे झाड. आणि अशी झाडे शोधण्यासाठी मेक्सिकोला जावे लागत नाही. सह्याद्री त्यांनी भरलेला आहे.

सह्याद्रीचे हवामान मोठे विलक्षण आहे. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने ठणठणाट. कातळावर मातीचा थर कोठे वीतभर, तर कोठे चार बोटे. अशा ठिकाणी जगावयाचे तर दोनच मार्ग. एक तर चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हावयाचे. नाही तर पावसात मिळविलेले सगळे कंदात, गड्ड्यात, मुळांत साठवून वरचा पसारा आवरून घ्यावयाचा. म्हणूनच इथल्या कितीतरी वनस्पती दिवाळीच्या सुमारास दिसेनाशा होतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढतात. योगायोगाची गोष्ट अशी की, आपले शैक्षणिक वर्षही जूनमध्येच सुरू होते. प्रवेशाच्या रांगा लागतात तेव्हा हे कोंब वर येतात, सहामाहीच्या सुमारास फुले संपत आलेली असतात आणि दिवाळीच्या सुट्टीत ती निजावयास जातात. महाविद्यालयाच्या बागेला यापेक्षा सोयीची झाडे कोणती असणार?

आता प्रत्यक्ष झाडांकडे वळू. पहिला मान तेरड्याला. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. तीन दिवसच का होईना, रंग आहे ना? कोकणात गौर म्हणून तेरड्याची रोपेच वाजतगाजत घरी आणतात. ज्याला गौरीचा मान आहे त्याला आपल्या वाफ्यात मात्र जागा नाही, हे नवल आहे. बागेत कित्येक ठिकाणी दुहेरी पाकळ्यांचा तेरडा लावलेला दिसतो, पण डोंगरउतारावरच्या एकेरी गुलाबी तेरड्याची नजाकत त्याला नाही. बी सहज मिळते आणि सहज रुजते. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फटकन फुटून बिया उडवते. लहान मुलांना याचा फार आनंद होतो, आणि खरे सांगावयाचे तर मोठ्यांनाही. एकदा लावला की दर वर्षी आपोआप येत राहतो.

दुसरी कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. ही वेल पानाच्या टोकाने आधाराला धरते. पानाचे टोकच स्प्रिंगसारखे वळलेले असते. फूल उमलताना हिरवट, मग पिवळे, मग केशरी आणि शेवटी लालभडक होत जाते. पाकळ्या वर वळलेल्या आणि कडा नागमोडी, म्हणून पेटलेल्या ज्वाळेसारखे दिसते. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे. आपल्याकडे मात्र ती घरात लावली की कळी लागतात, भांडणे होतात, असा समज आहे. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरीत म्हणून हे नाव पडले असे सांगतात. भांडणाचे मला माहीत नाही, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही वनस्पती मुळापासून बीपर्यंत विषारी आहे आणि कंद तर सर्वांत जास्त. लहान मुले आणि गुरे यांच्यापासून ती दूरच हवी. कंद हाताळल्यावर हात धुवावेत. कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळक्याचा असतो. त्याच्या टोकाशी कोंब असतो आणि ते टोक मोडले तर सारे फुकट. मेअखेर पोयटा, वाळू आणि शेणखत यांच्या मिश्रणात दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. आधाराला काठ्या किंवा कुंपणाची जाळी द्यावी. श्रावण-भाद्रपदात ती फुलते, पुढे वेल वाळते, जुना कंद आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो.

तिसरी रानहळद. हळदीसारखीच पाने, पण कणसाच्या माथ्यावर गुलाबी-जांभळ्या रंगाचा तुरा आणि त्याखाली पेल्यांतून डोकावणारी पिवळी फुले. अलीकडे ‘सयाम ट्युलिप’ नावाचे कंद महाग किमतीला विकले जातात. ते ट्युलिप नव्हे. थायलंड-कंबोडियाकडची ती हळदीच्याच कुळातली एक रानवट बहीण आहे. थायलंडने तिची पद्धतशीर लागवड केली, फुले आणि कंद परदेशी पाठविले आणि जगभर नाव केले. आमची रानहळद अजून घाटातल्या उतारावरच उभी आहे. गुण कमी म्हणून नव्हे, तर कोणी विचारले नाही म्हणून.

चौथी पांढरी मुसळी. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बायका जिच्या कोवळ्या पातीच्या जुड्या फोडशी किंवा कुळू म्हणून विकतात, तीच ही. खाणाऱ्यांना ती ठाऊक आहे. पण तिला नाजूक पांढऱ्या फुलांचा दांडा येतो हे फारच थोड्यांनी पाहिलेले असते. आणि गंमत पाहा: जिच्या पट्टेरी पानांच्या कुंड्या प्रत्येक रोपवाटिकेत लटकलेल्या असतात ती स्पायडर प्लांट नावाची वनस्पती आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, आणि ही मुसळी तिची सख्खी चुलत बहीण. एवढेच नव्हे, तर मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क आपले बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी सहकाऱ्यासह हे नाव दिले. बोरिवलीचे नाव धारण करणारी वनस्पती बोरिवलीतल्या गॅलऱ्यांत नाही आणि आफ्रिकेतली तिची बहीण घरोघर आहे!

सावलीचा कोपरा असेल तर पेवा लावावा. याचा दांडा जिन्यासारखा गोल गोल वळत वर चढतो, टोकाला लालसर कणीस येते आणि त्यातून पांढरीशुभ्र, पातळ कागदासारखी फुले एकेक करून बाहेर पडतात. गड्ड्याचा तुकडा पुरला तरी येतो. याच्याइतके सोपे झाड नवशिक्याला मिळणार नाही.

ज्यांना निवडुंगाच्या जातीची झाडे आवडतात त्यांच्यासाठी शिंदळ माकुडी. हिची कथा ऐकण्यासारखी आहे. जुन्नर-शिवनेरीच्या परिसरातील कड्यांवर वाढणारी ही वनस्पती साऱ्या जगात नैसर्गिकरीत्या महाराष्ट्रातच सापडते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ नाव दिले. मांसल दांडे, पावसाळ्यापुरती पाने आणि तपकिरी-लाल रंगावर पिवळी नक्षी असलेले चांदणीसारखे फूल. उन्हाळ्यात पाने गळून नुसते दांडे उरतात. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक ती आपल्या काचगृहांत कौतुकाने वाढवितात. शिवनेरीच्या पायथ्याच्या गावांत मात्र किती अंगणांत ती असेल? फांदीच्या तुकड्यापासून ती सहज वाढते. फक्त पाणी साचू देऊ नये. पण तो तुकडा कोठून आणावयाचा, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येतो.

जमीन असेल तेथे कुडा लावावा, आणि ही सूचना मी विशेषतः आपल्या भाषा विभागांना करतो. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर आषाढातल्या मेघाचे स्वागत कशाने करतो? कुटजाच्या ताज्या फुलांनी. हा कुटज म्हणजेच आपला कुडा. जुलाबावरचे कुटजारिष्ट आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गेले असेल, पण कुड्याचे झाड किती जणांनी पाहिले आहे? पांढऱ्या फुलांचे झुबके, जोडीने लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा, आणि शेंग तडकल्यावर रेशमी झुपक्यांसह उडणाऱ्या बिया. पानगळीचे झाड असल्यामुळे हिवाळ्या-उन्हाळ्यात ते अगदीच ओकेबोके दिसते, पण पावसाच्या आधीच नवी पालवी आणि फुले घेऊन उभे राहते. आपण परीक्षेत मेघदूतावर दहा-दहा पाने लिहितो आणि यक्षाच्या ओंजळीत काय होते ते आपल्याला ओळखता येत नाही. अशोकाचीही तीच कथा. मालविकाग्निमित्रात मालविकेच्या पायाच्या स्पर्शाने जो फुलला तो सीता-अशोक. आपल्या इमारतीपुढे रांगेत उभा आहे तो उंच, सडसडीत आसुपालव. त्याला कितीही लाथा मारल्या तरी नारिंगी गुच्छ येणार नाहीत!

आणि शेवटी, ज्यांच्याजवळ फार मोठा धीर आहे त्यांच्यासाठी कारवी. जिच्या काठ्यांवर माती लिंपून डोंगरातल्या घरांचे कूड उभे राहतात ती कारवी साधारणपणे आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर फुलली होती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने लावलेल्या कारवीचे फूल पाहावयास त्याला माजी विद्यार्थी म्हणूनच यावे लागेल. माजी विद्यार्थ्यांना महाविद्यालयात परत आणण्याचा याहून चांगला उपाय मला तरी सुचत नाही.

आता विरोधी बाजूही पाहिली पाहिजे. कोणी म्हणेल, हे सगळे छान. पण नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्या कुंड्यांत काय दिसणार? माती. आणि डिसेंबर-जानेवारीत तर स्नेहसंमेलन असते, पाहुणे येतात, तपासणी समित्या येतात. त्यांना मातीच्या कुंड्या दाखवावयाच्या काय? हा आक्षेप काल्पनिक नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका वर्गमैत्रिणीने गावाकडच्या परसातले कळलावीचे दोन कंद आणून एका कुंडीत लावले होते. ग्रंथालयाच्या व्हरांड्याच्या जाळीवर ती वेल चढली. ऑगस्टमध्ये तिला अकरा फुले एका वेळी होती. फोटो काढावयास झुंबड उडाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही आलो तेव्हा त्याच कुंडीत क्रोटन उभा होता आणि कंद मातीसकट उकिरड्यावर गेले होते. यात माळीकाकांचा दोष नाही. पाहुणे येणार आहेत, एकही कुंडी रिकामी दिसता कामा नये, असा निरोप त्यांना वरून आला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले. त्या मैत्रिणीने त्यावर काही तक्रार केली नाही, पण पुन्हा कंदही आणले नाहीत.

मला वाटते, प्रश्न सगळा इथेच आहे. रिकामी दिसणारी कुंडी रिकामी नसते, हे आपल्याला शिकावे लागेल. तिच्या पोटात पुढच्या वर्षाचे फूल असते. उलट, जी कायम भरलेली दिसते तिच्यात पुष्कळदा नवे काही घडतच नसते. आपण कला शाखेचे विद्यार्थी तरी ही गोष्ट लवकर समजून घेऊ शकू असे मला वाटते. ‘आर्ट्सला आहेस? मग काय, रिकामाच की!’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? सतत काहीतरी दाखवीत राहा, टक्के दाखवा, प्रमाणपत्रे दाखवा, नाही तर तुमच्या जागी दुसऱ्याला उभे करू, हा हिशोब आपल्याला चांगला परिचयाचा आहे. तोच हिशोब आपण कुंडीला लावावा हे काही शोभत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला स्वतःलाच पडलेला आहे. रानातल्या झाडांची अशी शिफारस केली आणि उद्या त्यांची फॅशन झाली, तर लोक कुदळ घेऊन डोंगरात जाणार नाहीत काय? जातील. नव्हे, गेलेले आहेत. पांढऱ्या मुसळीच्या मुळ्यांना औषधांच्या बाजारात भाव आला आणि रानोमाळ ती बेसुमार खणली गेली. झाडांवरची सीतेची वेणी ओरबाडून आणून दिवाणखान्यात टांगणारे आणि दोन महिन्यांत तिला मारणारे महाभाग आपण पाहतो. २०१२ साली कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, नाव झाले आणि फुलांपेक्षा माणसांचीच गर्दी झाली. प्रेमानेही तुडवले जातेच. सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती आहेत. नळीसारख्या फुलात बारीक माशीला काही काळ कोंडून ठेवावयाचे, मग आतले केस सुकले की सोडून द्यावयाचे, अशी अजब त्यांची रीत. त्यांतल्या काही तर एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. म्हणूनच वरच्या यादीत मी कंदीलपुष्प मुद्दाम घातले नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानासारख्या ठिकाणी जाणकारांनी त्या जाती जोपासल्या आहेत. ते काम त्यांचेच. आपण ती फुले तेथे जाऊन पाहावीत.

म्हणून यात एक नियम काटेकोरपणे पाळला पाहिजे. रानातून कंद उपटावयाचा नाही, फांदी तोडावयाची नाही. शिंदळ माकुडीचा तुकडा ज्याने ती कुंडीत वाढविली आहे त्याच्याकडूनच घ्यावा, कड्यावरून नव्हे. कळलावी, रानहळद, पेवा हे गावाकडच्या परसांत आणि कुंपणांत सापडतात. तेथून मागून आणावेत. तेरड्याचे आणि कुड्याचे बी गावच्या बांधावरून मूठभर आणले तर कोणाचे काही जात नाही. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर मात्र बीसुद्धा नाही. आणि रोपवाटिकेच्या मालकाला विचारावे: ‘कळलावी आहे का? रानहळद आहे का?’ पहिल्या दिवशी तो नाही म्हणेल. दहा जणांनी विचारले तर पुढल्या वर्षी तो ती वाढवील. बाजाराला विचारणाऱ्यांची भाषा कळते. देशी झाडांची रोपे बियांपासून तयार करणाऱ्या रोपवाटिका आता ठिकठिकाणी आहेतही. त्यांना आपली गिऱ्हाइकी मिळाली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. देशी म्हणून एकच झाड हजारोंनी लावणे हाही शहाणपणा नव्हे. सातवीण आपलीच, तिची पाने विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात सन्मानाने दिली जातात. पण शहरांच्या रस्त्यांवर ती ओळीने लावली गेली आणि आता फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाने लोक हैराण होतात. झाडाचा दोष नाही, प्रमाण सुटले. तेव्हा थोडे लावावे, वेगवेगळे लावावे.

एवढे मत मांडल्यावर एखादी प्रत्यक्ष सूचनाही केली पाहिजे, नाही तर वार्षिक अंकातल्या लेखांचे जे होते तेच याचेही होईल. माझी सूचना अगदी लहान आहे. येत्या जूनमध्ये ग्रंथालयाच्या व्हरांड्यात दहा कुंड्या मिळाव्यात. दोन कळलावीच्या, पण त्या वरच्या बाजूला, कोणाचा हात पोहोचणार नाही अशा. दोन रानहळदीच्या, दोन मुसळीच्या, दोन पेव्याच्या, दोन शिंदळ माकुडीच्या. कुंपणालगत तेरड्याचा एक वाफा आणि भाषा विभागाच्या खिडकीसमोर कुड्याचे एक रोप. खर्च फारसा नाही. एका पाहुण्याच्या पुष्पगुच्छात आणि शालीत तो भागेल. पाने पिवळी पडू लागली की कंदांच्या कुंड्यांना पाणी देणे बंद करावे, नाही तर कंद कुजतात. कुंड्या आडव्या करून सावलीत ठेवाव्यात आणि मेच्या अखेरीस पुन्हा उभ्या कराव्यात. हे काम आळीपाळीने एकेका वर्गाने घ्यावे, म्हणजे माळीकाकांवर भार पडणार नाही. त्यांना मात्र आधी सगळे नीट सांगावे. त्यांच्याइतकी मातीची जाण आपल्यापैकी कोणालाच नाही, आणि कळलावी त्यांच्याही गावी असणारच.

आणि प्रत्येक कुंडीला एक पाटी असावी: ‘कंद निजला आहे. पाणी घालू नये. जूनमध्ये भेटू.’ स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांना ती खुशाल दाखवावी. त्यांतला एखादा तरी ‘म्हणजे काय?’ असे विचारील आणि त्याला उत्तर देणारा विद्यार्थी आपल्याकडे असेल. पाटी मराठीत असावी, अक्षर ठळक असावे आणि ती दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच लागलेली असावी, एवढीच संबंधितांना विनंती.